बंदुकीला रंग का लावत नसत?

शाळेच्या फाटकाला, खिडकीच्या गजांना, सायकलच्या सांगाड्याला आपण रंग लावतो. उघडे लोखंड एका पावसाळ्यात तांबूस होते आणि दोन-चार पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटू लागतात, हे सर्वांना ठाऊक आहे. बंदुकीची नळीही लोखंडाचीच. ती दवात भिजते, चिखलात पडते, जहाजावर खाऱ्या वाऱ्यात राहते. तरीही सतराव्या शतकापासून जवळजवळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सैनिकाच्या हातातील बंदुकीला सरसकट रंग दिला जात नव्हता. त्याच काळात जहाजावरच्या तोफांना मात्र काळा रंग फासला जाई. म्हणजे रंगाची कला अवगत नव्हती असे नाही. मग घोडे पेंड कुठे खात होते?

आज अमेरिकेत आणि अन्यत्र बंदुका दुरुस्त करणारे कारागीर सिरॅमिकचे सूक्ष्म कण मिसळलेला लेप बंदुकीच्या भागांवर फवारतात आणि भट्टीत भाजून पक्का करतात. हा लेप देण्यासाठी एअरब्रश कोणता घ्यावा, यावर त्यांच्यात नेहमी चर्चा चालते. वरवर पाहता हा हत्यारांच्या दुकानातला प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर देताना वरच्या जुन्या प्रश्नाचेही उत्तर मिळते, म्हणून थोडे मागून सुरुवात करू.

बंदुकीचा गंज हा फाटकाच्या गंजापेक्षा हट्टी असतो. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घनरूपात उरतो. त्यात पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड अशी संयुगे असतात. ती हवेतील ओलावा शोषून घेतात आणि नळीला चिकटून बसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूररहित दारू आली, तेव्हा हा त्रास संपायला हवा होता. तो संपला नाही, कारण काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीतील मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे आणि ते जळून पोटॅशियम क्लोराइड मागे राही. हे आपल्या खाण्याच्या मिठाचे सख्खे भावंड! पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिक गोळीबारानंतर नळीतून उकळते पाणी ओतत, ते हे मीठ विरघळवून काढण्यासाठी. तेल लावल्याने ते जात नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही.

नळीच्या आतल्या गंजावर उपाय म्हणजे धुणे. बाहेरच्या गंजावर अठराव्या शतकातील सैन्यांचा उपाय होता घासणे. ब्रिटिश सैन्याची प्रसिद्ध 'ब्राउन बेस' बंदूक नावाने तपकिरी असली तरी तिची नळी बहुतांश काळ चांदीसारखी लखलखीत ठेवली जाई. शिपाई विटेची पूड आणि तेल घेऊन ती तासन्‌तास घाशीत. कवायतीच्या मैदानावर हे शोभून दिसे. परंतु प्रत्येक घासणीबरोबर थोडे लोखंडही निघून जाई आणि वर्षानुवर्षे घासलेल्या नळ्या पातळ होत. शिवाय उन्हात चमकणारी नळी शत्रूला दुरूनच आपला ठावठिकाणा सांगे, ते वेगळेच.

काट्याने काटा

यावर कारागिरांनी काढलेला उपाय मला रसायनशास्त्राच्या इतिहासातील एक अत्यंत चतुर उपाय वाटतो. त्यांनी नळी मुद्दामच गंजवली.

तेल-तूप पूर्णपणे काढून टाकलेल्या नळीवर एक आम्लयुक्त द्रावण पुसायचे. एकोणिसाव्या शतकातील कृतींमध्ये नायट्रिक आम्ल, मद्यार्कात विरघळवलेले फेरिक क्लोराइड, मोरचूद आणि मर्क्युरिक क्लोराइड ही द्रव्ये वारंवार आढळतात. मग नळी दमट, उबदार खोलीत टांगून ठेवायची. बारा-चोवीस तासांत तिच्यावर तांबडी मखमल उगवते. तारेच्या ब्रशने सुटा गंज झाडायचा आणि घट्ट बसलेला तसाच ठेवायचा. पुन्हा द्रावण, पुन्हा दमट खोली, पुन्हा ब्रश. असे अनेक दिवस केले की लोखंडावर एकजीव तपकिरी थर तयार होतो. शेवटी त्यात मेण किंवा तेल मुरवायचे. यालाच 'ब्राउनिंग' म्हणत. १८०० साली ब्रिटिश सैन्यातील नेमबाजांना मिळालेल्या बेकर रायफलीची नळी अशीच तपकिरी केलेली होती. मर्क्युरिक क्लोराइड हे पाऱ्याचे जहाल विष आहे. ते उघड्या हातांनी पुसणाऱ्या आणि त्याची धूळ रोज छातीत घेणाऱ्या कामगारांचे काय होत असेल, याचा उल्लेख बंदुकांच्या कौतुकभरल्या पुस्तकांत क्वचितच सापडतो.

विद्यार्थी येथे हमखास विचारतील की गंजाने गंज थांबत असेल तर फाटकाचा गंज फाटकाला का वाचवत नाही? नेहमीचा गंज सच्छिद्र व भुसभुशीत असतो. ज्या लोखंडापासून तो बनतो त्याच्यापेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने तो फुगतो, फुटतो आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. ब्राउनिंगमध्ये हा फुगलेला भाग दर वेळी झाडून टाकला जातो. उरतो तो पातळ आणि घट्ट थर. तोसुद्धा एकटा पुरेसा नसतो. त्याच्या बारीक छिद्रांत तेल धरून ठेवले जाते आणि खरे रक्षण हे तेल करते. घरातील लोखंडी तव्याची गोष्ट काहीशी अशीच आहे. तेल मुरलेला काळा तवा गंजत नाही. त्याला राखेने घासून लख्ख केला की सकाळपर्यंत डाग पडतात.

पुढची पायरी निळ्या-काळ्या रंगाची. गंजवलेली नळी दर वेळी पाण्यात उकळली, तर तांबड्या गंजाचे रूपांतर काळ्या ऑक्साइडमध्ये, म्हणजे मॅग्नेटाइटमध्ये होते. हे तांबड्यापेक्षा घट्ट बसते. निळेपणाची दुसरी वाट उष्णतेची आहे. चकचकीत पोलाद तापवत नेले की ते प्रथम गवताच्या काडीसारखे पिवळे दिसते, मग जांभळे, आणि ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास निळे. घड्याळाच्या निळ्या स्प्रिंगमध्ये हाच रंग असतो. यात रंगद्रव्य काहीच नसते. ऑक्साइडच्या अतिपातळ थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाने तो दिसतो, साबणाच्या फुग्यावर दिसतो तसाच. अमेरिकेतील सरकारी बंदुकांची तुलना केली तर बदल डोळ्यांत भरतो. १८६१च्या स्प्रिंगफील्ड बंदुकीची नळी लखलखीत होती, तर १८७३च्या नमुन्याची काळसर निळी.

विसाव्या शतकात कारखान्यांना रोज शेकडो बंदुका हातावेगळ्या करायच्या होत्या. आठवडाभर गंजवत बसायला सवड कुणाला? मग कॉस्टिक सोडा आणि सोडियम नायट्रेट यांच्या अतिसंपृक्त, उकळत्या द्रावणात भाग बुडवण्याची पद्धत रुळली. हे द्रावण सुमारे १४० अंशांवर उकळते. विरघळलेल्या पदार्थामुळे उत्कलनबिंदू वाढतो, हे शिकवताना मिठाच्या पाण्याचे एक-दोन अंशांचे उदाहरण आपण देतो. येथे तोच नियम चाळीस अंशांची वाढ दाखवतो. वर्गात करून पाहण्याचा हा प्रयोग मात्र नव्हे. हे द्रावण अंगावर उडाले तर कातडी राहत नाही.

फॉस्फेटचा करडा थर

१९०६ साली बर्मिंगहॅमच्या थॉमस वॉट्स कॉस्लेट याने एका नव्या प्रक्रियेचे पेटंट घेतले. लोहकीस घातलेल्या गरम, सौम्य फॉस्फोरिक आम्लात लोखंडी वस्तू ठेवली की तिच्यावर न चमकणारा करडा थर बसतो. आम्ल लोखंडाला खाऊ लागते, हायड्रोजन सुटतो आणि त्यामुळे पृष्ठभागालगतच्या द्रावणाची आम्लता कमी होते. कमी आम्लतेत लोहाचे फॉस्फेट विरघळलेले राहू शकत नाही. ते तिथेच, लोखंडाच्या अंगावर स्फटिकरूपाने बसते. म्हणजे लोखंडावर हल्ला करणारेच त्याचे कवच घडवते. पुढे अमेरिकेत पार्कर कुटुंबाने हे हक्क विकत घेऊन १९१५ साली डेट्रॉइटमध्ये कंपनी काढली. त्यांच्या नावावरून ही क्रिया 'पार्करायझिंग' म्हणून रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी गरँड रायफलींचा करडा-हिरवट रंग तो हाच. फॉस्फेटचे स्फटिक तेल उत्तम धरतात, आणि रंगही उत्तम धरतात. या दुसऱ्या गुणाकडे आपण परत येऊ.

दिल्लीत कुतुबमिनारच्या आवारातील लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे उघड्यावर उभा आहे. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी २०००च्या सुमारास दाखवून दिले की या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण आजच्या पोलादापेक्षा बरेच जास्त आहे आणि त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर लोहाच्या फॉस्फेटचा रक्षक थर तयार झाला आहे. गुप्तकाळातील लोहारांना फॉस्फरस ठाऊक नव्हता. त्यांच्या भट्टीत तो लोखंडात उरत असे, एवढेच. तिथे शतकानुशतकांत जे हळूहळू घडले त्याच जातीचा थर कॉस्लेटने काही तासांत मिळवला. फॉस्फोरिक आम्लाची ओळख वर्गात करून द्यायची असेल तर एक गंजका खिळा रात्रभर कोला पेयात ठेवावा. या पेयांत हे आम्ल असते. सकाळी गंज सुटलेला दिसतो.

आता मूळ प्रश्न. ब्राउनिंग, निळे करणे, फॉस्फेट या सर्वांत एक साम्य आहे. थर बाहेरून आणून लावलेला नाही. तो त्याच लोखंडातून उगवला आहे, म्हणून भागाचे माप फारसे बदलत नाही. हे थर फार तर काही मायक्रॉनचे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. उलट कल्हई किंवा रंग हा बाहेरून चढवलेला थर. कुंचल्याने तैलरंगाचे दोन हात दिले की जाडी सहज ८०-१०० मायक्रॉनच्या घरात जाते, शिवाय ती सर्वत्र सारखी नसते. फाटकाला याने काही बिघडत नाही. तोफेलाही नाही, कारण तोफ म्हणजे एक ओतीव नळ, तिच्यात एकमेकांवर सरकणारे भाग नसतात. बंदुकीत ते असतात आणि त्यांच्यातील फट काही शतांश ते एक-दोन दशांश मिलिमीटर एवढीच असते. समजा, एक भाग दुसऱ्यात डावीकडे आणि उजवीकडे टेकून सरकतो. प्रत्येक बाजूला दोन पृष्ठभाग समोरासमोर, म्हणजे एकूण चार. प्रत्येकावर १०० मायक्रॉनचा रंग चढला तर ०.४ मिलिमीटर वाढले. बंदूक चालणारच नाही! प्रत्येकावर २५ मायक्रॉन असेल तर ०.१ मिलिमीटर. हे कदाचित चालवून घेता येईल. त्यातच भर म्हणजे जलद गोळीबारात नळी २०० अंशांच्या पुढे तापते आणि जवस तेलाचा रंग तिथे करपतो, सुटतो.

तेव्हा बंदुकीला रंग द्यायचा तर दोन गोष्टी हव्या होत्या. एक, उष्णता सोसणारा लेप. दुसरी, तो २५ मायक्रॉनच्या आसपास आणि सर्वत्र सारखा बसवणारे साधन. हे साधन बंदुकीच्या कारखान्यात जन्मले नाही. ते आले छायाचित्रकाराच्या खोलीतून आणि डॉक्टरांच्या दवाखान्यातून.

फुंकरीचे यंत्र

एक नळी पाण्यात उभी धरून तिच्या वरच्या तोंडावरून दुसऱ्या नळीने जोरात फुंकर मारली की पाणी वर चढते आणि त्याचे तुषार उडतात. वेगवान हवेमुळे तोंडाशी दाब कमी होतो आणि वातावरणाचा दाब पाण्याला वर ढकलतो. शीतपेयाच्या दोन नळ्या घेऊन कोणत्याही वर्गात हे दाखवता येते. डास मारण्याचा जुना फ्लिटचा पंप याच तत्त्वावर चाले. १८७६ साली अमेरिकेतील फ्रान्सिस स्टॅन्ली याने छायाचित्रे रंगवण्यासाठी अशा फवाऱ्याचे पेटंट घेतले. वाफेवर चालणारी मोटार काढणाऱ्या जुळ्या स्टॅन्ली बंधूंपैकी हा एक. काही वर्षांतच आयोवा राज्यातील ॲबनर पीलर याने 'रंग वाटणारे यंत्र' बनवले. त्यात हवेच्या झोताने एक इवलेसे चक्र फिरे आणि ते एका सुईला रंगात मागेपुढे हलवी. सुईच्या टोकावरचा रंग झोत उडवून नेई. हा हक्क लिबर्टी वॉकअप याने विकत घेतला आणि 'एअरब्रश' या नावाने ते बाजारात आणले. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीस चार्ल्स बर्डिक याने रचना पालटली. निमुळत्या तोटीच्या मधोमध सुई, सुईभोवती रंग आणि तोटीभोवती हवा. सुई मागे ओढावी तेवढा रंग सुटतो. आजचा चांगला एअरब्रश उघडून पाहिला तर आत हीच मांडणी दिसते.

१८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या अवाढव्य इमारतींना वेळेत पांढरा रंग देण्यासाठी दाबाखालील हवेचे फवारे वापरले गेले. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले होते. दुसरा धागा टोलेडोच्या डॉ. ॲलन डेव्हिलबिस यांचा. रुग्णाच्या घशात औषध बोळ्याने लावण्याऐवजी फवारता यावे म्हणून त्यांनी १८८८ साली रबरी फुग्याचा फवारा काढला. त्यांचा मुलगा थॉमस याने १९०७च्या सुमारास तेच तत्त्व रंगाच्या स्प्रेगनमध्ये आणले. त्याला खरी मागणी आली ती १९२३-२४ नंतर, झटपट वाळणारे नायट्रोसेल्युलोज लॅकर मोटारींवर येऊ लागले तेव्हा. हे लॅकर इतक्या लवकर वाळे की कुंचला फिरवायला सवडच मिळत नसे. ते फवारावेच लागे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी रायफलींवर फॉस्फेटचा थर देऊन त्यावर काळा रंग चढवला आणि तो भट्टीत भाजला. लोखंडातून उगवलेला थर खाली, बाहेरून चढवलेला वर. आधी उल्लेखलेला फॉस्फेटचा दुसरा गुण येथे कामी आला. त्यानंतर मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेली राळ, आणि अलीकडे सिरॅमिकचे कण असलेली बहुवारिके आली.

मग एअरब्रश कोणता? आधी किती लेप लागतो ते पाहू. नळी ६० सेंटिमीटर लांब आणि १.८ सेंटिमीटर जाड धरली तर तिचे बाह्य क्षेत्रफळ सुमारे ३४० चौरस सेंटिमीटर भरते. त्यावर २५ मायक्रॉनचा वाळलेला थर म्हणजे जेमतेम ०.८५ घन सेंटिमीटर पदार्थ. छोटा चमचाभरही नाही! विद्रावक आणि वाया जाणारा भाग धरूनही एअरब्रशच्या वाटीत मावेल एवढेच. म्हणजे अडचण वाटीच्या मापाची नाही. ती वेळेची आहे.

तोटीच्या भोकाचा व्यास ०.३ मिलिमीटरऐवजी ०.५ केला तर त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ २.८ पट होते, आणि ०.८ केला तर सात पट. बारीक तोटीतून बारीक थेंब निघतात. थेंबाचा व्यास निम्मा झाला की त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग दुप्पट होतो आणि विद्रावक हवेतच उडून जातो. असा थेंब भागावर पोहोचतो तो अर्धा वाळलेला. तो शेजारच्या थेंबात मिसळत नाही आणि पृष्ठभाग वाळूच्या कागदासारखा खरखरीत होतो. त्यातच पट्टा अरुंद असल्याने नळीच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाईपर्यंत पहिले टोक वाळू लागते. तोटी फार मोठी घेतली तर उलट संकट येते. थेंब मोठे, थर जाड, ओघळ आणि कोपऱ्यांत साचलेला लेप. मग वर केलेला चार पृष्ठभागांचा हिशेब कोसळतो. याशिवाय या लेपात घन कण असतात आणि ०.२ मिलिमीटरची तोटी ते वारंवार तुंबवतात.

म्हणून माझ्या मते अक्षरे भरणे, नक्षी, छोटे स्क्रू यांसाठी ०.३ची तोटी, आणि पिस्तुलाच्या भागांसाठी ०.५ची तोटी व वर वाटी असलेला एअरब्रश घ्यावा. वरच्या वाटीतून लेप गुरुत्वाने उतरतो, त्यामुळे कमी दाब पुरतो आणि शेवटचा थेंबही वापरला जातो. हवा व रंग एकाच खटक्याने पण वेगवेगळे सोडता येतील असाच घ्यावा, कारण प्रत्येक फेरा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा असतो. लांब नळीसाठी मात्र एअरब्रशचा हट्ट सोडून ०.८च्या तोटीचा छोटा स्प्रेगन बरा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील हवा-प्रदूषणाच्या नियमांमुळे कमी दाबाने भरपूर हवा सोडणारे स्प्रेगन प्रचारात आले. त्यांच्या तोंडाशी दाब १० पौंड प्रति चौरस इंचापेक्षा जास्त नसतो, त्यामुळे लेप उसळून हवेत न जाता भागावर अधिक बसतो. कारागिराच्या छातीलाही ते बरे, अर्थात योग्य मुखवटा लागतोच.

तोटीइतकेच महत्त्व कॉम्प्रेसरला बसवायच्या पाणी गाळणाऱ्या सापळ्याला आहे. हवा दाबली आणि ती नळीत थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. कोकणासारख्या दमट हवेत ते भरपूर निघते. लेपाखाली पाण्याचा एक थेंब अडकला तरी तिथे गंज कोंडला जातो आणि तो वरून दिसतही नाही. तीच गोष्ट बोटांच्या तेलाची. आधी विद्रावकाने धुऊन आणि बारीक कणांच्या माऱ्याने पृष्ठभाग खरखरीत केला नाही, तर सर्वांत महागडा एअरब्रशही उपयोगाचा नाही.

एका प्रकारच्या बंदुकीवर मात्र जाणकार कारागीर एअरब्रश चालवत नाहीत. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या, हाताने गंजवून तपकिरी केलेल्या नळीवर कणांचा मारा केला की तो थर तर जातोच, पण कारागिराचे ठसे आणि कोरीव अक्षरेही बोथट होतात. अशा नळ्यांची निगा संग्रहालयांत अजूनही मेण आणि मऊ फडक्याने राखली जाते.